रंभाबाईची चारित्र्य-चौकशी

प्रताप नगर, नागपूर
४ ऑगस्ट २०२५

सिंधू,

जय भीम.

कान कसा आहे? मशीन लावते की डब्यातच ठेवते? तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे विहिरीत ओरडणं, अन् तुझं व्हॉट्सॲप सूनबाईच्या फोनवर. म्हणून पुन्हा कागद घेऊन बसली. बरंच आहे. टेलिफोन खात्यात जन्मभर लोकाईचे ट्रंक कॉल जोडले, तेव्हापासून मले माहीत आहे, तारेवरून जे जाते ते कोणी ना कोणी ऐकतेच. मी स्वतःच ऐकत होती.

आता ऐक. रिटायर झाल्यापासून मी पाखर बालसदनात बुधवारी अन् शनिवारी पोराईले गोष्टी वाचून दाखवते, तुले माहीत आहे. ना पगार, ना मानधन, वरून चिवडा मीच नेते. मागच्या महिन्यात तिथलं ऑफिस सांभाळणाऱ्या पायलनं (पोरगी गुणाची, पण घाबरट) एक फॉर्म हातात दिला. फॉर्म कशाचा, दिवाळी अंक होता! नाव, गाव, जात, रक्तगट, जुने आजार, फेसबुकवर काय लिहिता, नवरा आहे का, नसला तर काहून नाही. माझं लग्न जमवताना माझ्या बापानं एवढं विचारलं असतं तर तो नवरा मले मिळालाच नसता.

कारण खरं आहे, ते लपवत नाही. दुसऱ्या एका संस्थेत असाच एक सेवाभावी काका यायचा, अन् पोराईचे नको ते फोटो काढताना सापडला. तेव्हापासून आमच्या अध्यक्षांची, भैय्याजींची झोप उडाली. त्याईनं चौकशी करणारी एक एजन्सी लावली. पोलीस दाखला मागितला, तो मी दुसऱ्याच दिवशी स्वतः ठाण्यात जाऊन आणला. कुरकुर केली नाही. पण पुढे एक रकाना आहे: 'घरात राहणाऱ्या व्यक्ती व त्यांच्याशी नाते'. तिथं तुझ्या दादाचं, कवडूजीचं नाव लिहिलं. नात्याची जागा रिकामी सोडली. वरच्या खोलीतल्या माणसाचं काय लिहायचं असते?

ओळखीची व्यक्ती म्हणून तुझं नाव दिलं आहे. फोन आला तर सांग, बाई चांगली आहे. एवढंच सांग. वर्णन करू नको, तुले सवय आहे.

दादा मजेत. काल त्याईनं मुंगवडे केले अन् मले पाट्यावर चटणी वाटाले बसवलं.

तुझी,
रंभा

*

हडपसर, पुणे
११ ऑगस्ट २०२५

प्रिय रंभा,

जय भीम.

मशीन डब्यातच आहे. लावलं की रीनाचा मिक्सर ऐकू येतो.

फॉर्मच्या बाबतीत तुझं साफ चुकतं. मी जन्मभर शाळेत शिकवलं. मुलांच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसाला नारळासारखं हलवून, वाजवून घ्यावं, मग तो कितीही गोड बोलो. त्या माणसालासुद्धा सगळे काकाच म्हणत होते ना? मग तुला चार प्रश्न विचारले तर बिघडलं कुठे? कर नाही त्याला डर कशाला?

आणि नात्याची जागा रिकामी का सोडतेस? 'भाडेकरू, मैत्रिणीचा मोठा भाऊ' असं लिही आणि मोकळी हो. वहिनी गेल्यावर दादा त्या घरात भिंतींशी बोलायला लागला होता, तेव्हा तुझी वरची खोली मीच सुचवली. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

दादावरून आठवलं. मी त्याच्यासाठी एक स्थळ पाहिलं आहे. पिंपरीच्या चारुशीलाबाई. बँकेतून निवृत्त, विधवा, स्वभावाने शांत, विपश्यनेला जातात. या वयात माणसाला सोबत हवी. तू त्याला रोज पाहतेस, तर जरा आडून आडून विचार. त्याच्या मनात कोणी आहे का, हेही काढून घे. तो मला सांगणार नाही, लाजरा आहे.

तुझी,
सिंधू

*

प्रताप नगर, नागपूर
२० ऑगस्ट २०२५

सिंधू,

जय भीम.

'डर कशाला' म्हणते? तू संडासाले जाते तेव्हा आतून कडी लावते की नाही? आत बसून कोणता गुन्हा करते?

एजन्सीचा पोरगा येऊन गेला. नाव अंकुश. गळ्यात पट्टा, हातात टॅब, अन् बोलणं असं मऊ की जणू साडी दाखवून राहिला. माझ्या घरी आलाच नाही! आधी गेला शेजारी तुळसाबाईकडे. त्या बाईनं मले आजवर चमचाभर साखर दिली नाही, अन् त्याच्यासाठी तर्री-पोहे केले. खिडकीतून मले दिसून राहिलं होतं. तो खात होता अन् ती सांगत होती, तो पुसत होता अन् पुन्हा ती सांगत होती. मग गेला समोरच्या चंपतरावांकडे. ते रिटायर झाल्यापासून कोणी काही विचारावं म्हणून वाटच पाहून राहिले होते. खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे फिरवला. शेवटी इस्त्रीवाल्याले विचारलं, कोणाचे कपडे कोणासंगं येतात. सांग मले, माझ्या परकराचा अन् पोराईच्या सुरक्षेचा काय संबंध?

आता कॉलनीत काय चाललं ऐक. कोणी म्हणते, रंभाबाईनं कर्ज बुडवलं. कोणी म्हणते, अमेरिकेचा व्हिसा आहे. चंपतरावांच्या बायकोनं तर सरळ विचारलं, "ताई, स्थळाची चौकशी होती का वं? मुलगा कुठला आहे?" चौसष्टाव्या वर्षी! मी म्हटलं, "मुलगा अजून दुधावर आहे."

पोलीस दाखला मागा, दहा वेळा मागा. पोराईजवळ मले एकटं बसू देऊ नका, दार उघडं ठेवा, तेही बरोबर आहे, मी स्वतः ठेवते. पण माझ्या घरातला कोणता दिवा लागते अन् कोणता लागत नाही, हे त्या पोराले कशाले पाहिजे?

पिंपरीच्या बाईचं राहू दे. मी दादाले विचारलं. ते नाही म्हणाले. फार जोरात म्हणाले. अन् त्याईचे गुडघे दुखतात, विपश्यनेले बसवत नाही.

रंभा

*

हडपसर, पुणे
२९ ऑगस्ट २०२५

प्रिय रंभा,

जय भीम.

काल तुझ्या त्या अंकुशचा फोन आला. काय झालं ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुला कळेल की तुझ्यासाठी मी काय सोसते.

मला ऐकू येईना, म्हणून फोन रीनाने घेतला. घरात रेंज नसते, ती बाल्कनीत गेली. खाली सोसायटीच्या गणपतीची आरती नुकतीच संपली होती आणि सगळे प्रसाद खात उभे होते. तो तिला विचारायचा आणि ती मला ओरडून सांगायची.

"आई, ते विचारतायत, रंभामावशींचं चारित्र्य कसं आहे?"

मी म्हटलं, "सोन्यासारखं!"

"आई, ते विचारतायत, वरचे भाडेकरू रात्री खाली का झोपतात?"

खाली मांडवात एकदम शांतता पसरली असावी, कारण रीना वाकून बघायला लागली. पण मी मागे हटले नाही. म्हटलं, "त्यांना सांग, नागपूरचं ऊन तुम्ही पाहिलं नाही! वरची खोली तव्यासारखी तापते. खाली कूलर आहे. माझा भाऊ सभ्य माणूस आहे, बैठकीत दिवाणावर झोपत असेल!"

"आई, ते म्हणतायत, बैठकीत दिवाणच नाहीये. शेजारच्या बाईंनी सांगितलं."

तेव्हा मी स्वतः फोन हिसकावला आणि त्या पोराला म्हटलं, "बाळा, तुझी आई कोण आहे? तिला फोन दे." त्याने फोन ठेवला.

मी तुझी बाजू अशी राखली. रात्री जेवताना मात्र रीना ओठ दाबून वाढत होती. जितेंद्र मान खाली घालून भात कालवत होता. मग माझ्या कानाजवळ तोंड आणून हळूच म्हणाला, "आई, ऑगस्ट चालू आहे. कूलर कोण लावतं?"

रंभे, मला तुला एक विचारायचं आहे आणि मला ते विचारायचं नाही. पत्र इथेच थांबवते.

सिंधू

*

प्रताप नगर, नागपूर
८ सप्टेंबर २०२५

चि. सिंधूस,

जय भीम.

रंभा पत्र लिहाले बसते अन् फाडते, बसते अन् फाडते. म्हणून मी लिहून राहिलो. मी रेल्वेत गार्ड होतो, जन्मभर लिहिलं ते एवढंच की गाडी काहून लेट झाली. हेही तसंच समज.

मी वर राहत नाही. वर कांदे पसरवले आहेत.

कधीपासून, कसं, ते विचारू नको, मलेही नीट सांगता येत नाही. आधी जेवणापुरता खाली येत होतो. मग चहापुरता. मग एक दिवस माझा चष्मा खालीच राहाले लागला. मी तिले लग्नाचं दोनदा विचारलं. ती म्हणते, एकदा केलं, पोट भरलं. फाटकावर तिच्या नावाची पाटी आहे, तिले ती तशीच पाहिजे. मले पाटीचं काही नाही.

पण आता वेगळंच झालं. त्या पोरानं रिपोर्टात लिहिलं, 'परिसरात चर्चा आहे, चारित्र्य संशयास्पद.' पायलनं तो अध्यक्षाले पाठवताना चुकून गोष्टी सांगणाऱ्या सगळ्याईच्या ग्रुपवर टाकला. आता तो साऱ्याईच्या फोनमध्ये आहे. बालसदनातून निरोप आला, तूर्तास येऊ नका, समिती बसून ठरवेल.

मागच्या बुधवारी रंभा साडी नेसून तयार झाली. पिशवीत पुस्तकं भरली. चप्पल घातली. मग ओट्यावर बसून राहिली, अन् थोड्या वेळानं आत येऊन एकेक पुस्तक बाहेर काढलं. बोलली नाही, जेवली नाही. तुले माहीत आहे, ती बोलली नाही म्हणजे काय. मले हे पाहवत नाही, सिंधू.

रागवायचं तर माझ्यावर रागव. अन् पिंपरीच्या बाईले नाही म्हण.

तुझा दादा,
कवडू

*

हडपसर, पुणे
१५ सप्टेंबर २०२५

रंभे,

जय भीम लिहावं की नाही, असा विचार करून राहिली होती. लिहिलं.

हो, मी आपल्या बोलीत लिहून राहिली. पुण्याची भाषा रागाले पुरत नाही.

तू माझ्या दादासंगं राहते, याचा मले राग नाही. आधी आला होता, खोटं काहून बोलू. दिवसभर आला. भाजीत मीठ टाकलं नाही, जितेंद्रवर ओरडली. मग संध्याकाळी दादाचं पत्र पुन्हा वाचलं, त्यातलं चष्म्याचं वाचलं, अन् मले रडू आलं. वहिनी गेल्यावर त्या माणसाच्या चष्म्याची एक काडी तुटली होती, तो तसाच दोरा बांधून फिरत होता. मी दरवेळी म्हणायची, दादा, नवा घे. आता कोण्या घरात त्याचा चष्मा राहते, हे ऐकून मले बरं वाटलं.

राग याचा आहे की ही गोष्ट मले त्या अंकुशनं सांगितली. गळ्यात पट्टा घालून! तू सांगायची होती, अन् मी ऐकायची होती. आपण कॉलेजात होतो तेव्हापासून एकही गोष्ट अशी नाही की तू सांगितली अन् मी ऐकली नाही. ही सगळ्यात मोठी गोष्ट, अन् ती त्या पोरानं तर्री-पोह्यासंगं उचलून नेली, माझ्या सुनेच्या तोंडून, गणपतीच्या मांडवावरून मले ऐकवली. 'डर कशाला' म्हणून मी तुले शिकवत होती. मले कळलं नव्हतं की काही गोष्टी लाजेच्या नसतात, फक्त आपल्या असतात.

पण तुझं मौन मात्र मी माफ करणार नाही. त्या पोराले तू सांगितलं नाही, ठीक. कॉलनीले नाही, ठीक. मले काहून नाही सांगितलं? याचं उत्तर पाहिजे. मागंपुढं करू नको.

अन् ओट्यावर बसून राहू नको. त्या समितीपुढे जा. पोराईसाठी तपासणी व्हावी, हे मी आजही म्हणते. पण तपासणी कशाची, हे त्याईले विचार. तू नाही गेली तर मी येते, अन् मशीन न लावता येते. मग बसतील मोठ्यानं बोलत.

सिंधू

*

प्रताप नगर, नागपूर
३० सप्टेंबर २०२५

सिंधू,

जय भीम.

गेली होती. सांगते.

बैठक महाल भागात, भैय्याजींच्या कापडाच्या दुकानावर. मी एकटीच जाणार होती, पण तुझे दादा इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवर आधीच बसले होते. वर गेलो तर गाद्या, तक्के, अन् मध्ये काजूची बशी. लाजेनं कोणी हात लावत नव्हतं. मी घेतले.

भैय्याजी म्हणाले, "ताई, व्यक्तिशः माझा काही आक्षेप नाही. पण परिसरात चर्चा आहे."

मी म्हटलं, "चर्चा तुमच्या पोरानंच लावली. तो येईपर्यंत आमच्या कॉलनीत माझ्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते."

"पण ताई, शेवटी मुलांवरच्या संस्कारांचा प्रश्न आहे."

"भैय्याजी, मी पोराईले हत्तीच्या गोष्टी वाचते. हत्तीचं लग्न झालं होतं का, असं आजवर एकाही पोरानं विचारलं नाही."

दोघं-तिघं हसले अन् लगेच खोकले. मग भैय्याजींनी मोठ्या मनानं तोडगा काढला. म्हणाले, "हे बघा, मार्ग सोपा आहे. तुम्ही दोघं रीतसर लग्न करून टाका. धरमपेठेत आमचा हॉल आहे, तो देतो. संस्थेतर्फे फुलं."

सिंधू, मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुझे दादा उभे राहिले. हात जोडले. म्हणाले, "साहेब, मी तयारच आहे. दोनदा विचारलं. ती नाही म्हणते. तुमच्या शब्दाले वजन आहे, तुम्हीच एकदा विचारून पाहा."

अख्खी बैठक हसून फुटली! भैय्याजींचा काजू घशात अडकला. मले तक्क्याखाली घुसावंसं वाटलं, अन् त्याच वेळी असंही वाटलं की या माणसाले उभ्या बाजारात मिठी मारावी. मारली नाही. चर्चा झाली असती.

हसणं थांबलं तेव्हा मी विचारलं, "इथं बसलेल्यांपैकी पोलीस दाखला कोणाकोणाचा आहे?"

पायलनं फाइल उघडली अन् हळूच सांगितलं, "फक्त रंभाताईंचा आणि गोष्टी सांगणाऱ्या बाकीच्यांचा."

मी म्हटलं, "भैय्याजी, तुम्ही दर वाढदिवसाले केक घेऊन पोराईच्या खोलीत जाता, त्याईले मांडीवर बसवून फोटो काढता. तुमच्या मनात वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो दुसरीकडचा काकाही चांगलाच होता म्हणतात. तुमचा दाखला कुठे आहे? तुमच्या शेजाऱ्याकडे पोहे खाले कोणाले पाठवलं?"

भैय्याजी लाल झाले. म्हणाले, "हा माझा खाजगी प्रश्न आहे!"

"बस्स," मी म्हटलं, "हाच शब्द मी इतके दिवस शोधून राहिली होती."

मग ती घाबरट पायल उठली. म्हणाली, "सर, रिपोर्ट ग्रुपवर टाकायची चूक माझी आहे. मी सगळ्यांसमोर ताईंची माफी मागते. पोलीस दाखला प्रत्येकाचा घेऊ या, समितीचासुद्धा. मुलांजवळ कोणीच एकटं बसणार नाही, हा नियम करू या. पण शेजाऱ्यांना विचारणं बंद करा. नाही तर मी नोकरी सोडते." माझ्या पोटच्या पोरीनं केलं असतं तर एवढं कौतुक वाटलं नसतं. एकेक हात वर गेला. भैय्याजींचा नाही गेला, पण बाकीचे पुरले.

सगळं ठीक झालं असं समजू नको. रिपोर्ट ग्रुपवरून पुसला म्हणतात. पुसलेलं कुठं कुठं राहते, हे टेलिफोनवालीले माहीत आहे. गोष्टी सांगणाऱ्यांपैकी एक बाई आता माझ्या बाजूला बसत नाही. तुळसाबाई माझ्याकडे पाहून गोड हसते, हे सगळ्यात वाईट. पण शनिवारी मी गेली. पोरं आली, चिवडा सांडला, हत्ती तळ्यात पडला. अन् रविवारी भैय्याजींचा वाढदिवस होता. पायलनं फाटकावर त्याईच्या हातातला केक घेतला अन् म्हणाली, "सर, दाखला आला की आत या." अजून आला नाही. केक बरा होता.

आता तुझा प्रश्न. मले काहून नाही सांगितलं.

लाज वाटली म्हणून नाही. तू रागवशील म्हणूनही नाही. तुझा राग मले पाठ आहे. भीती दुसरीच होती. मी आजवर तुझी रंभी होती. तुले कळलं की मी वहिनी होणार. मग तू पत्रात 'सौ.' लिहिशील, शिरसाष्टांग लिहिशील, दिवाळीले मले साडी पाठवशील. तुझ्या दादाबद्दल कुरकुर करायची तर ती तुझ्याजवळ कशी करू? तू तर त्याची बहीण! माणूस मिळाला, पण मैत्रीण गेली, असं व्हाले नको होतं. एवढंच. हे मी कोणत्याच फॉर्मवर लिहिलं नसतं.

रंभा

*

हडपसर, पुणे
८ ऑक्टोबर २०२५

रंभे,

जय भीम.

वहिनी म्हणणार नाही. मला एक वहिनी होती, फार चांगली होती, आणि म्हणूनच तिच्याशी मला कधी मनासारखं भांडता आलं नाही. तुझ्याशी मला अजून पुष्कळ भांडायचं आहे. साडीसुद्धा मिळणार नाही.

दादाबद्दल कुरकुर कुणाजवळ करू, असं विचारतेस? अगं, त्या माणसाच्या तक्रारी ऐकून घेणारं कोणी भेटावं म्हणून मी लहानपणापासून वाट पाहते आहे. आई तर त्याला देवच समजायची. तो झोपेत गाडीला हिरवा झेंडा दाखवतो का? भाताच्या तळची खरपुडी तुला देतो, की पातेलं घेऊन एकटाच मोरीजवळ बसतो? भांडण झालं की दाढी करायला जातो का? आमच्याकडे असताना दिवसातून तीनदा करायचा.

सगळं लिही, काही गाळू नकोस. आणि पाकीट जाड कागदाचं घे. रीना उजेडासमोर धरते.

तुझी,
सिंधू